कणगीतला रुमाल

काही चुका अशा असतात की, पापनिवेदनात सांगून झाल्या, त्यांची क्षमाही मिळाली, तरी चारचौघांपुढे मांडल्यावाचून मनाला स्वस्थता लाभत नाही. आमच्या हातून घडलेली तशी एक चूक आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांच्या बाबतीत ती घडली, त्यांचे व त्यांच्या गावाचे नाव आम्ही देत नाही. लाज आमची आहे. त्यांच्या नावाला तिचा स्पर्श नको.

परभणी जिल्ह्यात, गोदावरीपासून कोस-दीड कोसावर असलेले ते एक खेडे. काळी कसदार जमीन. खरिपात कापूस, सोयाबीन आणि तूर, रब्बीत ज्वारी. पाऊस रुसला की चैत्रापासून टँकरची वाट पाहणे. आपली तेथे पस्तीस-चाळीस घरे आहेत आणि पत्र्याचे एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. त्या मंदिराची किल्ली तीस वर्षे एकाच माणसाच्या करगोट्याला बांधलेली होती. ते आमचे प्रचारक. सारे गाव त्यांना मास्तर म्हणे. आम्हीही मास्तरच म्हणतो. शिक्षण सातवीपर्यंतचे, पण स्मरणशक्ती अशी की, कोणाचा बाप्तिस्मा कोणत्या सणाला झाला, कोणाच्या लग्नाला कोणते फादर आले होते, त्या दिवशी पाऊस होता की नव्हता, हे सारे ते नोंदवही न उघडता सांगत. आम्ही या धर्मग्रामात नवे असताना दोन वेळा त्यांचे म्हणणे नोंदवहीशी ताडून पाहिले. एकदा दोन्ही जुळले. दुसऱ्यांदा जुळले नाही, आणि शोध घेता नोंदवहीच चुकीची निघाली.

२०१८ सालच्या आगमनकाळात मंदिराचे पत्रे बदलण्यासाठी वर्गणी काढावयाचे ठरले. गावातून आणि शेजारच्या दोन वस्त्यांतून मास्तरांनी ती गोळा केली. नाताळ झाला, नवे वर्ष उजाडले, तरी पैसे आमच्याकडे आले नाहीत. आम्ही विचारले तेव्हा मास्तर आश्चर्याने आमच्याकडे पाहात राहिले. "फादर, आसं काय करताव? पैसे तर म्या तुमच्याच हातात दिले की!"

पैसे आमच्या हातात आलेले नव्हते. आम्ही वाद घातला नाही, आवाज चढविला नाही. केवळ पुढच्या रविवारी, मिस्सा झाल्यावर, मंदिराची किल्ली आणि वर्गणीची वही मास्तरांकडून मागून घेतली व एका तरुण गृहस्थाच्या स्वाधीन केली. 'आता तुमचे वय झाले, विश्रांती घ्या,' असे वर गोड शब्दांत सांगितले. आपण कोणावर आळ घेतला नाही, अशी आम्ही त्या वेळी मनाची समजूत घालीत होतो. पण वाचकहो, तीस वर्षे करगोट्याला असलेली किल्ली काढून घेणे म्हणजे आळ घेणेच होय. खेड्यात त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. मास्तरांच्या घरी लोकांचे येणे-जाणे हळूहळू कमी झाले.

फेब्रुवारीत नवी ज्वारी घरात येण्यापूर्वी मास्तरांच्या पत्नीने कणगी झाडावयास घेतली. तळाशी दाण्यांत एक रुमाल निघाला. त्यात पैसे होते आणि एक चिठ्ठी होती. माय तो रुमाल तसाच घेऊन एस.टी.ने परभणीला आमच्याकडे आल्या, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मोजून घ्या, फादर." सात हजार तीनशे पन्नास रुपये होते. चिठ्ठीवर मास्तरांच्याच वळणदार अक्षरात वर्गणीदारांची नावे होती. पण एकाच घराचे नाव तीन ठिकाणी होते, आणि खाली बेरीज चार वेळा मांडून चारही वेळा खोडली होती. पैसे मात्र ज्याने जेवढे दिले तेवढे होते. एक रुपयाही इकडचा तिकडे झालेला नव्हता.

मग माय बोलू लागल्या. वर्ष होत आले, मास्तर रानातून घरी येताना वाट चुकत होते. जेवण झाल्यावर पुन्हा भाकरी मागत होते. सख्ख्या नातवाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारीत होते. "लोक हसतेल म्हणून कुणाला सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांनी लपविले ते लाजेपोटी. आम्हाला दिसले ते आम्ही अप्रामाणिकपणाच्या खात्यावर मांडले. आमच्याकडे 'साठी बुद्धी नाठी' अशी म्हण आहे; तिच्या आधाराने तर गाव सगळेच हसून सोडून देते.

त्यानंतर जे करावयाचे ते केले. परभणीला डॉक्टरांनी रक्त तपासले; ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइडचा दोष असला तरी माणूस असा विसरभोळा होतो आणि तो उपचाराने बराही होऊ शकतो, म्हणून ते आधी पाहावे लागते. डोक्याचा सी.टी. स्कॅन झाला. पुढे मेंदूरोगतज्ज्ञांनी तपासून निदान सांगितले : अल्झायमरचा स्मृतिभ्रंश.

या घटनेला चार-पाच वर्षे लोटली, आणि २०२३ साली पुण्यात कारखान्यात काम करणारा मास्तरांचा धाकटा मुलगा आमच्यापुढे येऊन बसला. "फादर, मुंबईला मेंदूचा एक स्कॅन निघालाय म्हणे. आबांचा आजार त्यात फोटोवानी दिसतो. वरचं एक एकर काढावं म्हणतो. तुमी सांगताल तसं."

एक एकर काळी जमीन! कोरडवाहू घराला ती काय असते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. आम्ही पुण्याच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' ग्रंथाच्या दहाव्या भागात स्मृतीचे दीर्घ चिंतन केले आहे, ते आम्ही तेथे आवडीने वाचले होते. पण स्मृतीच्या त्या प्रशस्त महालाच्या भिंती कशाने पोखरल्या जातात, हे आम्हास कोणी शिकविले नव्हते. आम्ही मुलाकडून पंधरा दिवसांची मुदत मागितली, परिचयाच्या एका डॉक्टरांना गाठले, वाचले, पुन्हा विचारले. जे समजले ते आमच्यासारख्याच सामान्य वाचकांसाठी सांगतो.

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नावही धडपणे लिहिता येत नव्हते. डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेले बोलणे टिपून ठेवले. १९०६ साली ती वारल्यावर तिच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर साचलेले ठिपके आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते, अशा दोन गोष्टी त्यांना दिसल्या. ठिपके अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात आणि गुंते टाउ नावाच्या प्रथिनाचे, हे पुढे ऐंशीच्या दशकात उलगडले.

पैठणहून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा आमच्या जिल्ह्यापर्यंत येतो. त्याचे उदाहरण घेऊ. कालव्यात गाळ साचू लागतो तेव्हा पहिली काही वर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पाणी चाललेले असते. पुढे चाऱ्या ढासळू लागतात आणि मग टेलच्या शेतकऱ्याचे पीक वाळते. अमायलॉइड हा तो गाळ. टाउ हे प्रथिन एरवी पेशीच्या आतील बारीक नळ्यांना आधार देते. ते सुटून त्याचा गुंता झाला की चारी ढासळली म्हणावयाची. आणि वाळलेले पीक म्हणजे आपल्याला दिसणारे विस्मरण. गाळ साचू लागल्यापासून पीक वाळेपर्यंत पंधरा-वीस वर्षेही जातात. म्हणजे मास्तर आम्हाला नोंदवहीतली चूक दाखवीत होते, त्या काळातही त्यांच्या मेंदूत तो गाळ साचत असण्याचा संभव आहे.

सुमारे शंभर वर्षे हे सारे केवळ मृत्यूनंतर पाहता येत असे. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील विल्यम क्लंक व चेस्टर मॅथिस यांनी अमायलॉइडला जाऊन चिकटणारे एक द्रव्य तयार केले. २००२ साली स्वीडनमध्ये उप्साला येथे ते प्रथमच जिवंत माणसाच्या शिरेत टोचून त्याच्या मेंदूतील अमायलॉइडचे चित्र घेण्यात आले. या तपासणीला पेट स्कॅन म्हणतात. द्रव्याला अत्यल्प प्रमाणात किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. तो अणू पॉझिट्रॉन नावाचा कण सोडतो. त्या कणाची इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोघेही नाहीसे होतात आणि दोन किरण परस्परविरुद्ध दिशांना धावतात. डोक्याभोवतीचे यंत्राचे कडे ते किरण टिपते व संगणक त्यांचे चित्र बनवितो. जेथे द्रव्य चिकटले ती जागा चित्रात उजळते. टाउसाठीही असेच द्रव्य निघाले असून त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली मान्यता दिली.

आता हा अणू फार घाईचा आहे. पहिल्या द्रव्यातील कार्बन सुमारे वीस मिनिटांत निम्मा होतो. पुढे वापरात आलेले फ्लोरिन सुमारे एकशे दहा मिनिटांत. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईहून परभणीला यावयास जी रात्र जाते, तेवढ्या वेळात ते एक-दोन टक्क्यांवर येईल! म्हणून औषध गावाकडे येऊ शकत नाही. माणसानेच मोठ्या शहरी जावे लागते. ज्यांना आपला ओटा आणि न्हाणी यांतला फरक कळेनासा झाला आहे, त्यांना रात्रभर रेल्वेत बसवून नेणे काय असते, याचा विचार आम्ही तोपर्यंत केलेला नव्हता.

आणि एवढे करून चित्र उजळले, तर त्याचा अर्थ काय? येथे आम्हास आपल्याच ख्रिस्तसभेतील काही धर्मभगिनी भेटल्या. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ साली मिनेसोटा राज्यातील नोत्र दामच्या शिक्षिका भगिनींच्या मठात एक अभ्यास आरंभिला. पुढे निरनिराळ्या मठांतील पंचाहत्तर वर्षांवरील ६७८ भगिनी त्यात सामील झाल्या. त्यांनी दरवर्षी स्मरणशक्तीच्या चाचण्या दिल्या आणि मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी देण्याचे वचन दिले. जन्मभर शाळेत शिकविले आणि मरणानंतरही शिकवीत राहिल्या! त्यांतील सिस्टर मेरी १०१ वर्षांच्या होऊन वारल्या. अखेरपर्यंत त्या चाचण्यांत उत्तम गुण मिळवीत होत्या. मेंदू उघडून पाहिला तेव्हा त्यात ठिपके आणि गुंते भरपूर होते. नुसता मेंदू पाहणाऱ्याने त्यांना आजारी ठरविले असते; त्या तर शहाण्यासुरत्या होत्या.

हा एखादाच चमत्कार नव्हे. जगभरच्या पेट स्कॅनचा एकत्रित विचार २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची बुद्धी पूर्ण शाबूत आहे अशा लोकांतही पन्नाशीत सुमारे १० टक्क्यांच्या आणि नव्वदीत सुमारे ४४ टक्क्यांच्या मेंदूत अमायलॉइड आढळते, असा त्याचा निष्कर्ष होता. हे वाचून पन्नाशी ओलांडलेल्या आम्ही क्षणभर पुस्तक मिटून ठेवले. अलीकडे मिस्सेत एक-दोनदा ओळ अडखळते, तेव्हा मनात शंकेची पाल चुकचुकतेच. पण ज्याला काही त्रास नाही त्याने केवळ धास्तीपोटी ही तपासणी करून घेऊ नये, असे डॉक्टरांनी आम्हास बजावले. गाळ दिसला म्हणजे पीक वाळलेच, असे होत नाही. टाउचा पसारा मात्र विस्मरणाच्या पायऱ्यांशी अधिक जवळून जुळतो.

कोलंबियातील आलिरिया पिएद्राहिता या बाईंची कहाणी २०१९ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. त्यांच्या घराण्यात एका जनुकदोषामुळे चाळिशीतच विस्मरण सुरू होई. बाईंमध्येही तो दोष होता. पण सत्तरीपर्यंत त्या सावध राहिल्या. पेट स्कॅनमध्ये अमायलॉइड अमाप दिसले, टाउ मात्र थोडे. दुसऱ्या एका दुर्मीळ जनुकाने त्यांचे रक्षण केले असावे, असे शास्त्रज्ञ मानतात.

मग या चित्रांचा उपयोग काय? उपयोग निश्चित आहे. कमी वयात विस्मरण सुरू झाले असेल किंवा लक्षणे गोंधळात टाकणारी असतील, तेव्हा निदान पक्के करावयास ती लागतात. अमायलॉइड काढून टाकणारी औषधेही आली आहेत. लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. अठरा महिन्यांच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला. थांबविला नाही, गेलेले परत आणले नाही. शिवाय मेंदूला सूज येण्याचा व रक्तस्रावाचा धोका असतोच. डोनानेमॅब हे दुसरे औषध तेथे २०२४ साली मान्य झाले. ही औषधे आजाराच्या अगदी आरंभी आणि अमायलॉइड असल्याची खात्री करूनच द्यावयाची असतात. २०२५ च्या मे महिन्यात तर रक्तावरून अमायलॉइडचा अंदाज देणाऱ्या चाचणीला अमेरिकेत परवानगी मिळाली. रक्ताची बाटली रेल्वेत रात्रभर टिकू शकते. तेव्हा गंगाखेड-पाथरीच्या माणसालाही एक दिवस याचा लाभ होईल, अशी आशा आम्ही का धरू नये?

पण मास्तरांचा आजार त्या पायरीच्या कितीतरी पुढे गेला होता. डॉक्टर म्हणाले, "स्कॅनने तुमची खात्री वाढेल, फादर, मास्तरांच्या उद्याच्या दिवसात काही फरक पडणार नाही." तेच आम्ही मुलाला सांगितले : जमीन विकू नको. घराजवळचा उघडा आड झाकून घे, रात्रीचा दिवा राहू दे, मास्तरांच्या खिशात नाव-गावाची चिठ्ठी ठेव, आणि आईला आठवड्यातून एक रात्र तरी पुरती झोप मिळेल अशी व्यवस्था कर. मुलाने ऐकले. आडावर जाळी बसली. थोरली सून शनिवारी रात्री सासऱ्यांपाशी झोपू लागली.

आपल्या देशात साठ वर्षांवरील शंभर जणांत सात-आठ जणांना स्मृतिभ्रंश असावा, एकूण सुमारे ८८ लाख, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. म्हणजे आपल्या प्रत्येक वस्तीत एखादे तरी असे घर असणार. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ साली मांडले की, जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता येण्याजोगा किंवा लांबविता येण्याजोगा आहे. कारणांची यादी वाचून आम्ही चकित झालो, कारण त्यातील बहुतेक आमच्या दारातलीच होती : अपुरे शिक्षण, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू-सिगारेटचे धूम्रपान, दारू, ऐकू न येणे, अंधूक नजर, एकटेपणा. आता आमच्या धर्मभगिनी महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर साठीपुढच्या सर्वांचा रक्तदाब पाहतात. मुलगी शाळेतून काढणाऱ्या बापाला आम्ही आता आणखी एक कारण सांगतो.

तरीही यंत्राची एवढी कहाणी सांगितल्यावर आमच्या मनात उरते ती वेगळीच गोष्ट. सिस्टर मेरींच्या मेंदूत खुणा होत्या आणि त्या आजारी नव्हत्या. मास्तरांच्या वागण्यात खुणा होत्या आणि ते अपराधी नव्हते. डॉक्टर आपले चित्र समोर ठेवून म्हणतात, 'यावरून निकाल देता येत नाही. माणसाला भेटू द्या, घरच्यांना विचारू द्या.' आम्ही आत्म्यांचे वैद्य म्हणविणारे! आम्ही घरच्यांना विचारले नाही. पंचवीस किलोमीटरवर माय होत्या. त्यांना एक शब्द विचारला असता तर सारा उलगडा झाला असता. आम्हाला कोणताही स्कॅन नको होता.

रुमाल मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या गावी गेलो होतो. किल्ली बरोबर घेतली होती. अंगणात बाजेवर मास्तर बसले होते. आम्ही चारचौघांदेखत त्यांची क्षमा मागितली. त्यांनी आमचे हात हातात घेतले व काळजीने विचारले, "काय झालं, फादर? कोण काय बोललं तुमाला?" त्यांना पैसे आठवत नव्हते, किल्ली आठवत नव्हती, आमचे गोड शब्दही आठवत नव्हते. ज्याची क्षमा मागावयाची त्याला अपराधच ठाऊक नसावा, असा प्रसंग आम्हास कोणत्याही ग्रंथात शिकविलेला नव्हता. किल्ली आम्ही त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती सवयीने करगोट्याला बांधली आणि चहा ठेवण्यास सांगितले.

मास्तर अद्याप आहेत. बहुतेक वेळ बाजेवर असतात. आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो की हात जोडतात. मंदिराला दुसरे कुलूप आहे, कारण त्यांनी एकदा भर मध्यरात्री दार उघडून ठेवले होते. जुनी किल्ली मात्र कोणी त्यांच्याकडून मागितलेली नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही मायना विचारण्यास गेलो. तेव्हा कळले की क्षमा मागावयाची राहिली होती ती त्यांचीच. त्या वर्षी पाणवठ्यावरच्या बायांचे बोलणे मास्तर विसरले; त्या विसरलेल्या नाहीत. आम्ही तसे म्हणालो. माय बराच वेळ तूर निवडीत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिवा फादर. वाचून दुसऱ्या कुणाची किल्ली तरी राहील."